हाय रिस्क प्रसूती विभाग : चार स्टार देतेय, पाचवा का नाही तेही वाचा

बहिणीला एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि त्यानंतर बाळंतपण होईपर्यंत ती ज्या हॉस्पिटलच्या हाय रिस्क विभागात होती त्याचा हा रिव्ह्यू. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारी पण लिहायच्यात आणि मला कोणाशी भांडत बसायचं नाहीये. तसंही नावापेक्षा तिथे काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही हे कळलं तर जास्त उपयोग. निदान पाचपैकी पाच, उपचार पाचपैकी पाच, समजावून सांगणं साडेतीन, फोन हेल्पलाइन एक, तो पण फोन उचलला म्हणून. सरासरी काढत बसू नका, मी चार दिलेत.

आधी वाईट सांगून टाकते. त्या दिवशी दुपारपासून तिची कंबर खालच्या बाजूला दुखत होती, दुखणं येऊन जाऊन, खाली दाब आल्यासारखं वाटत होतं, पाळीच्या आधी ओटीपोट भरून येतं ना तसं, आणि मधेच पोट कडक व्हायचं नि परत सैल पडायचं. हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडून, ‘सरावाच्या कळा असतील, दोन ग्लास पाणी प्या आणि डाव्या कुशीवर पडून राहा, उद्या ओपीडीला या.’ संपलं. एक प्रश्न नाही. किती मिनिटांनी येतंय, पाणी जातंय का, अंगावरून लाल काही गेलं का, बाळ हलतंय का, जुळं आहे का, आधीचं बाळंतपण लवकर झालंय का, यातलं काहीच विचारलं नाही. सरावाच्या कळा असतात हे मला माहितीये, त्या अनियमित असतात, जागा बदलली, चाललं किंवा झोपलं की जातात, पण हिच्या जात नव्हत्या आणि जवळजवळ येत चालल्या होत्या. आणि पाण्याचं म्हणाल तर शरीरात पाणी कमी पडलं असेल तर जरूर प्यावं, पण खऱ्या कळा पाण्याने किंवा सलाइनने थांबतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे नंतर तिथल्याच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे एकाच हॉस्पिटलात फोनवरचा माणूस एक सांगतो नि वरचा डॉक्टर दुसरंच. ती म्हणाली, ‘ताई, मला बरं नाही वाटत, चल जाऊया,’ आणि आम्ही गेलो.

आता चांगलं, आणि ते बरंच आहे. इमर्जन्सीत रजिस्ट्रार डॉक्टर बाई होत्या, वयाने लहानच, पण त्यांची तपासणीची पद्धत मला फार आवडली. आधी पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके आणि कळा बघितल्या. मग लघवी तपासायला घेतली. मग आतून तपासायची वेळ आली तेव्हा सिस्टर जेलची ट्यूब घेऊन आल्या तर बाईंनी हात करून थांबवलं, ‘जेल नको, बोटाने पण नको आत्ता, आधी स्वॅब घेऊ.’ नुसत्या पाण्याने ओला केलेला स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायचं साधन, घातला, पाणी साठलंय का बघितलं, खोकायला सांगून परत बघितलं, कापसाच्या काडीवर नमुना म्हणजे स्वॅब घेतला, आणि मगच पुढचं. मी विचारलं की हे असं का, तर उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं. फायब्रोनेक्टिन नावाचं एक प्रोटीन असतं, बाळाच्या भोवतीची पिशवी आणि गर्भाशयाची भिंत यांना चिकटवून ठेवणारा डिंक समजा, तो चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या मधे खाली सापडायला नको, सापडला तर वर काहीतरी सुटायला लागलंय. जेल, रक्त, आधीची बोटाने केलेली तपासणी किंवा चोवीस तासांत संबंध आला असेल तरी ही टेस्ट चुकू शकते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

यातली गंमत अशी की ही टेस्ट ‘होणार’ सांगण्यापेक्षा ‘होणार नाही’ सांगायला जास्त भरवशाची आहे. निगेटिव्ह आली तर पुढच्या सात दिवसांत डिलिव्हरी व्हायची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली असते, पॉझिटिव्ह आली म्हणजे मात्र लगेच होईलच असं अजिबात नाही. घेतलेला स्वॅब सगळ्यांचा तपासतही नाहीत. त्याआधी आतून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. तीस मिलीमीटरच्या वर असेल तर बहुतेक बायकांना घरी पाठवता येतं, वीसच्या खाली असेल तर सरळ ॲडमिट, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर स्वॅबचा उपयोग. बहिणीची आली बावीस. स्वॅब पॉझिटिव्ह. म्हणजे बरोब्बर जिथे नको तिथे.

एक ऐकून मी चाट पडले. नुसत्या कळा म्हणजे मुदतपूर्व प्रसूती सुरू झाली असं नाही, कळांबरोबर पिशवीचं तोंड बदलायला पाहिजे, पातळ होणं नाहीतर उघडणं. वीस मिनिटांत चार किंवा तासात आठ कळा आणि सोबत तोंडात बदल, असं काहीतरी बघतात. आणि एवढं निदान पक्कं होऊनसुद्धा ॲडमिट केलेल्या बायकांपैकी साधारण निम्म्यांचं बाळंतपण पूर्ण दिवस भरूनच होतं. म्हणूनच मोजमाप न करता कळा दिसल्या की सरसकट इंजेक्शनं ठोकणाऱ्या ठिकाणी ‘आम्ही बाळ वाचवलं’ म्हणणं फार सोपं पडत असणार, अर्ध्यांचं आपोआपच थांबणार होतं! इथे तसा दावा कोणी केला नाही, याचे मार्क मी मुद्दाम वेगळे धरलेत.

‘का झालं’ हा प्रश्न घरच्या प्रत्येकाने विचारला आणि प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, जिने चढली, ऑफिसला जात राहिली, जड उचललं. डॉक्टरांनी ते सगळं शांतपणे बाजूला सारलं. कारणं बरीच आहेत पण ती वेगळी. सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं. मग जुळं-तिळं किंवा पाणी जास्त होणं, ज्याने पिशवी ताणली जाते, पिशवीचं तोंडच आखूड किंवा कमकुवत असणं, तोंडावर आधी कोन बायोप्सीसारखं, म्हणजे तिथला तुकडा कापून काढायचं, ऑपरेशन झालेलं असणं, पिशवीचा आकार जन्मतः वेगळा असणं, लघवीतलं किंवा योनीमार्गातलं इन्फेक्शन, वार सुटून आत रक्तस्राव होणं, सिगरेट, आणि दोन गर्भारपणांत फार कमी अंतर. हिच्या लघवीत जंतू निघाले, त्याचं औषध दिलं, पण ‘हेच कारण’ असं कोणी ठोकून सांगितलं नाही, बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही म्हणाले. बहीण तेवढ्याने रडायची थांबली, कारण तोवर ती स्वतःलाच दोष देत होती. जगात साधारण दहातलं एक बाळ सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतं, २०२० सालात अशी एक कोटी चौतीस लाख बाळं होती, सगळ्या आयांनी जिने चढले म्हणून नाही.

आता उपचार. इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आम्ही धरून चाललो होतो की कळा थांबवणं हेच काम, आणि ते तसं नाहीये.

मोठ्या डॉक्टर राउंडला आल्या आणि पहिलंच वाक्य, ‘कळा कायमच्या थांबवणारं औषध माझ्याकडे नाही, मला फक्त दोन दिवस मिळवायचेत.’ मला आधी रागच आला, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात येऊन हे ऐकायचं? पण पुढचं ऐकल्यावर पटलं. ते दोन दिवस कशासाठी, तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनसाठी. बीटामेथासोन बारा मिलिग्रॅम, चोवीस तासांनी परत तेवढंच, आईच्या स्नायूत द्यायचं, ते वारेतून बाळाकडे जातं आणि त्याची फुप्फुसं लवकर तयार होतात. काही ठिकाणी डेक्सामेथासोन देतात, सहा मिलिग्रॅम दर बारा तासांनी चार वेळा, दोन्ही चालतात. श्वासाचा त्रास, मेंदूतला रक्तस्राव, बाळ दगावण्याचा धोका, सगळंच कमी होतं. याचा शोध कसा लागला तेही भारी आहे, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते, स्टेरॉइड मिळालेली कोकरं फार लवकर जन्मून पण श्वास घेताना दिसली, आणि १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी बायकांवरचा अभ्यास छापला. तरी वापर सगळीकडे रुळायला १९९४ उजाडलं, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने जाहीरपणे सांगितलं तेव्हा कुठे. वीस-बावीस वर्षं! असो.

कळा मंद करायला निफेडिपिनच्या गोळ्या दिल्या. मुळात ब्लड प्रेशरचं औषध, त्यामुळे डोकं दुखणं आणि चेहरा लाल होणं हे व्हायचंच, दर थोड्या वेळाने बीपी बघत होते आणि ते मनापासून बघत होते, चार्टवर उगाच आकडे भरणं नाही. दुसरा पर्याय ॲटोसिबानचं सलाइन, आणि बत्तीस आठवड्यांच्या आत असेल तर इंडोमेथासिन, त्यानंतर नको कारण बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. आत इन्फेक्शन असेल, खूप रक्त जात असेल, आईचं बीपी फार वाढलेलं असेल किंवा बाळाचे ठोके बिघडले असतील तर कळा थांबवायच्याच नसतात, तिथे बाळ बाहेर येणंच बरं. पूर्वी कळा थांबवायला टर्ब्युटालिन नावाचं औषध बरेच दिवस देत असत, २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्यावर कडक इशारा दिला, आईच्या हृदयाला धोका म्हणून. अठ्ठेचाळीस तास झाल्यावर इथे गोळ्या बंद केल्या तेव्हा आमची आई घाबरली, ‘अहो, आत्ताच तर बरं वाटतंय तिला, बंद का करताय?’ तर पुढे चालू ठेवून फायदा दिसत नाही आणि त्रास मात्र होतो. साधं उत्तर, पण ते विचारल्यावर मिळालं. आपणहून आधी सांगितलं असतं तर त्या माउलीची एक रात्र तरी बरी गेली असती.

ॲडमिट झालो त्या रात्री कळा वाढल्या आणि तोंड तीन सेंटिमीटर उघडलं, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. हे कळांसाठी नाही, बत्तीस आठवड्यांच्या आत बाळ येईल असं वाटलं की त्याच्या मेंदूला जपायला देतात, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली कायमच्या बिघडण्याची, शक्यता कमी होते. सुरुवातीचा चार ग्रॅमचा डोस जाताना तिला अंगातून आग गेल्यासारखं झालं, जीभ जड, घाम, ‘ताई, खिडकी उघड गं’ करत होती आणि एसी चालूच होता. पण सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, त्यामुळे कोणी पळापळ केली नाही. मग त्या सिस्टर रात्रभर छोटी हातोडी घेऊन येत होत्या, गुडघ्यावर टक, पाय उडाला की समाधानाने मान हलवायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघून लिहायच्या. मॅग्नेशियम जास्त झालं तर पहिल्यांदा गुडघ्याचा झटका जातो, श्वासावर परिणाम त्यानंतर, म्हणून ही टकटक. उताऱ्याचं कॅल्शियमचं इंजेक्शन ट्रेमध्ये बाजूलाच काढून ठेवलेलं. या नर्सिंगला मी पाचपैकी सहा दिले असते. सकाळपर्यंत कळा मंदावल्या, तोंड तीनवरच अडकलं, मग मॅग्नेशियम बंद केलं.

पुढची तक्रार इथलीच. दुसऱ्या इंजेक्शननंतर बाळाची हालचाल एकदम कमी झाली. आम्ही सगळे हादरलो, बेल वाजवली, पट्टा लावला, बाळ ठीक होतं. मग कळलं की बीटामेथासोननंतर एक-दोन दिवस हालचाल आणि ठोक्यांतला चढउतार कमी होऊ शकतो. तपासलं ते योग्यच केलं, हालचाल कमी वाटली की सांगायलाच हवं, पण मॅग्नेशियमच्या वेळी जसं आधी सांगितलं तसं हेही सांगता आलं असतं ना! साडेतीन मार्क ते याचसाठी.

अँटिबायोटिक्सवरून आमच्या काकांनी वाद घातला, ‘इन्फेक्शन असेल तर आधीच द्या ना जोरदार काहीतरी.’ लघवीतल्या जंतूंसाठी दिलं होतंच, पण पाणी गेलेलं नसताना नुसत्या कळांसाठी देत नाहीत. २००१ मध्ये ओरॅकल नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात कळा असलेल्या पण पाणी न गेलेल्या बायकांना काही फायदा दिसला नाही, आणि सात वर्षांनी त्या मुलांना परत तपासलं तर औषध घेतलेल्या गटात सेरेब्रल पाल्सी जास्त निघाली. पाणी गेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे देतातच, आणि योनीमार्गात जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप) नावाचा जंतू असेल तर कळांच्या वेळी पेनिसिलिन देतात. डॉक्टरांनी काकांना एवढं सगळं नीट सांगितलं, काका गप्प झाले, आमच्याकडे हे सहसा होत नाही.

बेड रेस्टचा मात्र गोंधळ. ड्युटी डॉक्टर म्हणाले उठायचंच नाही, बाथरूमला पण नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टर येऊन म्हणाल्या असं का झोपून आहे, चालू द्या तिला वॉर्डात. पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं याला पुरावा नाही, उलट पायात रक्ताची गाठ होऊ शकते, स्नायू जातात, डोकं खराब होतं ते वेगळंच. दोघांनी आधी आपसात ठरवा हो.

मावशीचा प्रश्न होता टाका का घातला नाही. पिशवीच्या तोंडाला टाका घालायची पद्धत मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ मध्ये मांडली, जगभरात अजून ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखतात, १९५७ ची मॅकडोनाल्डची सोपी पद्धत त्याच्या मागून आली. पण तो टाका आधी घालायचा असतो, साधारण बारा-चौदा आठवड्यांना, किंवा पूर्वी लवकर बाळंतपण झालेल्या बाईचं तोंड चोवीस आठवड्यांच्या आत आखूड व्हायला लागलं तर. कळा चालू असताना घातला तर तोंड फाटायची भीती.

बाळांच्या डॉक्टरांचं बोलणं रात्री अकराला, कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या. माहिती उत्तम दिली पण ती घ्यायची ही वेळ आणि जागा नाही. एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू, दिवसा दाखवली असती तर बरं झालं असतं. तेव्हा कोणीतरी ते जुनं ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ काढलं, तर डॉक्टर हसून म्हणाले आत राहिलेला प्रत्येक आठवडा फायद्याचाच, आठवा महिना काही पाप करत नाही. एनआयसीयू त्याच इमारतीत असणं ही या जागेची सगळ्यात मोठी जमेची बाजू. बाळ झाल्यावर ॲम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असताना योग्य ठिकाणी पोचणं कितीतरी सुरक्षित, त्यामुळे तुमच्या हॉस्पिटलात लहान बाळांसाठी सोय नसेल तर कळा सुरू व्हायच्या आधीच कुठे जायचं ते ठरवा.

कळा परत आल्या तेव्हा तेहेतिसावा आठवडा पूर्ण झाला होता, आधीच्या स्टेरॉइडला दोन आठवडे उलटले होते म्हणून एकदा परत कोर्स दिला, सारखा सारखा देत नाहीत, बाळाचं वजन कमी भरतं. या वेळी गोळ्या नाहीत, मॅग्नेशियम नाही. बाळंतपण नॉर्मल. नाळ कापायला मिनिटभर थांबले, मी घड्याळाकडेच बघत होते, त्या मिनिटात वारेतलं रक्त बाळाकडे जातं. नंतर नाकाला श्वासाचं मशीन लागलं, पण थोडाच वेळ, आणि मग छातीशी घेऊन बसायचं, कांगारू केअर. त्यासाठी खुर्च्या मात्र अगदीच भंगार, पाठ मोडते, ज्यांनी खरेदी केल्या त्यांनी एकदा दोन तास बसून दाखवावं.

डिस्चार्जचा कागद छान आहे. बाळाचे डोळे आणि कान कधी तपासायचे याच्या अपॉइंटमेंट त्यांनीच घेऊन दिल्या, वाढ मोजताना ठरलेल्या तारखेपासूनचं वय धरा हे लिहून दिलं. पुढच्या वेळचं पण लिहिलंय, मधे किमान दीड वर्षाचं अंतर, सोळाव्या आठवड्यापासून तोंडाची लांबी मोजायची, पंचवीस मिलीमीटर किंवा कमी आली तर रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची योनीमार्गात ठेवायची गोळी. दर आठवड्याचं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर सांगा म्हणाले, अमेरिकेत ते २०२३ मध्ये बाजारातून काढलं, मोठ्या अभ्यासात उपयोग दिसला नाही म्हणून.

कोणी जावं? जुळं असेल, आधी लवकर झालं असेल किंवा पिशवीच्या तोंडावर ऑपरेशन झालेलं असेल तर अशा विभागात तिसऱ्या महिन्यातच नाव घाला, टाक्याची वेळ तिथूनच सुरू होते. रात्री कंबर येऊन जाऊन दुखायला लागली, पाणी गेलं, लाल दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत जा. जाताना जुने सोनोग्राफी रिपोर्ट घ्या, ते पहिल्यांदा आठवडेच विचारतात आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. पार्किंग मागच्या बाजूला आहे, पाटी कुठेही नाही.